तीन ग्रॅम नायॅसिन : डॉ. अब्राम हॉफर यांच्या कारकिर्दीचे परीक्षण

जीवनसत्त्वांचा तक्ता शिकवताना आपण एका ओळीवरून फार भरभर पुढे जातो. ‘ब३, नायॅसिन, अभावी पेलाग्रा’ एवढी ती ओळ असते. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत एका गुणाला लिहितात आणि विसरतात. या ओळीच्या आधारावर एका डॉक्टरने साठ वर्षांची कारकीर्द उभी केली. तिच्यात उत्तम विज्ञान आहे आणि फसलेले विज्ञानही आहे. दोन्ही एकाच माणसाच्या हातून, एकाच पदार्थाच्या बाबतीत घडले असल्यामुळे विज्ञानाच्या शिक्षकाला तिचा उपयोग मोठा आहे.

हे डॉक्टर म्हणजे कॅनडाचे अब्राम हॉफर. पोषणाने रोग बरे करू पाहणाऱ्या, आणि ‘पर्यायी’ किंवा ‘एकात्मिक’ म्हणवणाऱ्या वैद्यकात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मानसोपचाराच्या मुख्य प्रवाहात ते क्वचितच निघते, आणि निघाले तर इशारा म्हणून. आम्हाला हे दोन्ही निकाल घाईचे वाटतात.

हॉफर यांचा जन्म १९१७ सालचा, सॅस्कॅचेवान प्रांतातल्या एका शेतकरी कुटुंबातला. हा प्रांत गव्हाचा. त्यांनी आधी कृषिरसायन घेतले, मग १९४४ साली मिनेसोटा विद्यापीठातून जीवरसायनात डॉक्टरेट मिळवली. विनिपेग येथील एका पिठाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी कामही केले. वैद्यकाची पदवी त्यांनी त्यानंतर, १९४९ मध्ये टोरांटोहून घेतली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बहुतेक डॉक्टरांना जीवनसत्त्वे पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात भेटतात आणि तिथेच राहतात. या डॉक्टरला ती धान्याच्या पोत्यात भेटली होती.

१९५० मध्ये सॅस्कॅचेवान सरकारने त्यांच्यावर मानसोपचार-संशोधनाची जबाबदारी सोपवली. त्या काळी वेबर्नसारख्या प्रचंड मनोरुग्णालयांत छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, शेकडो रुग्ण वर्षानुवर्षे पडून असत. क्लोरप्रोमाझिन हे पहिले परिणामकारक औषध अजून फ्रान्सबाहेर आले नव्हते. विजेचे झटके, इन्शुलिनने आणलेली बेशुद्धी आणि गुंगीची औषधे एवढाच साठा डॉक्टरांच्या हाती होता. १९५१ मध्ये इंग्लंडहून हम्फ्री ऑस्मंड वेबर्नला आले आणि या दोघांची जोडी जमली. (‘सायकेडेलिक’ हा शब्द घडवणारे ते हेच ऑस्मंड. एलएसडी देऊन मद्यपींवर उपचार करण्याचे या जोडीचे प्रयोग हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो आम्ही बाजूला ठेवतो.)

आता नायॅसिनकडे वळू. पेलाग्रा हा रोग युरोपात अठराव्या शतकापासून ठाऊक होता. उन्हाला उघडी पडणारी कातडी काळवंडून सोलणे, जुलाब आणि बुद्धिभ्रंश ही त्याची तीन लक्षणे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावर जगणाऱ्या गरिबांत त्याने थैमान घातले. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून त्याचा पाठपुरावा केला. वेड्यांच्या इस्पितळात आणि अनाथालयांत रोग होतो तो तिथे राहणाऱ्यांना, कर्मचाऱ्यांना होत नाही, या साध्या निरीक्षणावरून त्याने ताडले की हा संसर्ग नाही, अन्नातली उणीव आहे. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारला. ते द्रव्य निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायॅसिन, हे १९३७ मध्ये एल्वेजेम यांनी कुत्र्यांच्या ‘काळ्या जिभे’च्या रोगावर दाखवून दिले. त्यानंतर काही रुग्णांच्या बाबतीत मोठे नाट्यमय दृश्य दिसले. वेडे ठरवून इस्पितळात टाकलेली माणसे नायॅसिनने काही दिवसांत भानावर आली.

हॉफर यांचा विचार इथून सुरू होतो. एका जीवनसत्त्वाच्या अभावाने माणूस भ्रमिष्ट होत असेल, तर छिन्नमनस्कतेच्या मुळाशीही असाच काही रासायनिक बिघाड नसेल कशावरून? या प्रश्नाला हसण्याचे काहीच कारण नाही. त्या वेळी तर तो धाडसाचा होता. अनेक मनोविश्लेषक या रोगाचे खापर आईच्या वागण्यावर फोडत होते. ‘रोग निर्माण करणारी आई’ अशी संज्ञाच प्रचारात आली होती. आजारी मुलाच्या आईला आधी मुलाचे दुःख आणि वर हा ठपका. हॉफर आणि ऑस्मंड यांनी १९६६ मध्ये छिन्नमनस्कतेसह कसे जगावे यावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. हा शरीराचा रोग आहे, यात तुमचा दोष नाही, असे त्यात कुटुंबांना स्पष्ट सांगितले होते. त्यांच्यामागे लोक निष्ठेने उभे राहिले त्याचे अर्धे कारण आमच्या मते जीवनसत्त्वात नसून या वाक्यात आहे. आणि हे वाक्य बरोबर होते.

त्यांची रासायनिक कल्पना अशी होती. शरीरात नॉरॲड्रेनॅलिनला एक मिथिल गट जोडला की ॲड्रेनॅलिन होते. ॲड्रेनॅलिनचे ऑक्सिडीकरण झाले की ॲड्रेनोक्रोम हा रंगीत पदार्थ तयार होतो. हॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲड्रेनोक्रोम स्वतःवर वापरून पाहिले, आणि त्याने भास होतात असे नोंदवले. रुग्णांच्या शरीरात हेच विष तयार होत असावे, असा त्यांचा तर्क. नायॅसिन शरीराबाहेर जाताना मिथिल गट सोबत घेऊन जाते. तेव्हा भरपूर नायॅसिन दिले तर मिथिल गट कमी पडतील, ॲड्रेनॅलिन कमी होईल, ॲड्रेनोक्रोमही कमी होईल. साखळी सुबक आहे. फळ्यावर काढायला तर फारच छान. पण तिची प्रत्येक कडी वेगळी तपासायला हवी होती. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अधिक काटेकोर पद्धतीने रक्तात ॲड्रेनोक्रोम शोधले, ते त्यांना सापडले नाही. पहिलीच कडी निखळली. तरी उपचार चालू राहिला, कारण तोवर हॉफर यांच्या हाती चाचणीचे निष्कर्ष आले होते.

ही चाचणी म्हणजे या कारकिर्दीचे मर्मस्थान. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी सुमारे तीस रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला निकोटिनिक आम्ल, दुसऱ्याला त्याचेच भावंड निकोटिनमाइड आणि तिसऱ्याला औषध नसलेली नकली गोळी. मात्रा दिवसाला तीन ग्रॅम, मुदत सुमारे महिनाभर, आणि पुढे वर्षभर पाठपुरावा. कोणाला काय दिले हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. मानसोपचारातल्या पहिल्या दुहेरी-अंध चाचणीचा मान त्यांचे समर्थक या चाचणीला देतात. क्रमांकाचा वाद बाजूला ठेवला तरी ती आरंभीच्या मोजक्या चाचण्यांपैकी होती यात शंका नाही. निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. जीवनसत्त्व घेणाऱ्यांत बरे होण्याचे प्रमाण दुप्पट, असा तो होता.

इथे थांबून हिशेब करू. तीस रुग्णांचे तीन गट म्हणजे एका गटात जेमतेम दहा. दहांच्या गटात प्रत्येक माणूस दहा टक्के. दोन-तीन माणसे आपोआप बरी झाली किंवा झाली नाहीत, की ‘दुप्पट’ होते आणि पुसलेही जाते. शिवाय या रुग्णांना विजेच्या झटक्यांसारखे त्या काळचे नेहमीचे उपचारही मिळत होते. हा प्रयोग वर्गात नाणे उडवून करता येतो. दहा-दहा वेळा नाणे उडवून छापे मोजायला मुलांना सांगावे. एका मुलाला तीन छापे आणि दुसऱ्याला सात, असे आकडे पहिल्याच तासात मिळतील, आणि कोणीही नाण्याला जीवनसत्त्व दिलेले नसेल.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. निकोटिनिक आम्ल मोठ्या मात्रेत घेतले की काही मिनिटांत चेहरा, मान, छाती लालबुंद होते, अंग तापल्यासारखे वाटते, खाज सुटते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने हे होते. मग चाचणी ‘अंध’ कशी राहणार? परिचारिकेला कोपऱ्यातला लाल चेहरा दिसतोच. हॉफर यांना याची जाणीव होती. निकोटिनमाइडने अंग लाल होत नाही, म्हणून तो गट त्यांनी मुद्दाम ठेवला होता आणि अशा गटाचे अस्तित्व कर्मचाऱ्यांना सांगितले नव्हते, असे ते सांगत. लाल न होणाऱ्या सर्वांना कर्मचारी नकली गोळीवालेच समजत असतील, तर निकोटिनमाइडच्या गटात दिसलेली सुधारणा पूर्वग्रहातून आलेली नसणार. युक्ती चतुर आहे. १९५० च्या दशकात इतका विचार करणारे फार थोडे डॉक्टर होते. एखाद्याचा निष्कर्ष चुकला तरी त्याच्या पद्धतीची बुद्धी मान्य करावी, म्हणून आम्ही ही गोष्ट विस्ताराने सांगितली.

पुढचे पाऊल मात्र इतरांनी टाकायचे होते, आणि ते टाकले गेले. १९७० नंतरच्या पाच वर्षांत थॉमस बॅन आणि हाइन्झ लेमन यांनी कॅनेडियन मेंटल हेल्थ असोसिएशनच्या वतीने अनेक केंद्रांत केलेल्या चाचण्यांचे अहवाल आले. नायॅसिनने रुग्ण सुधारतात असे त्यांत दिसले नाही. (उत्तर अमेरिकेत क्लोरप्रोमाझिन रुजवण्यात याच लेमन यांचा मोठा वाटा, म्हणून हॉफरपंथीयांना त्यांच्या निष्पक्षतेविषयी शंका.) १९७३ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या समितीने सर्व पुरावा तपासून मोठ्या मात्रेतील जीवनसत्त्वांचा दावा फेटाळला. दावा करणाऱ्यांच्या विश्वासार्हतेविषयी आणि त्यांच्या प्रसिद्धीतंत्राविषयीही अहवालात कठोर शब्द होते. ते कडवट शब्द टाळले असते तर बरे झाले असते असे आम्हाला वाटते. आकडे पुरेसे होते. त्या शब्दांमुळे हॉफर यांना छळ झालेल्या संशोधकाची भूमिका आयती मिळाली.

हॉफर यांचा आक्षेप काय होता? तुम्ही जुनाट रुग्ण घेतलेत, आमचा दावा नव्या, ताज्या रुग्णांविषयी होता, हा त्यांचा मुख्य मुद्दा. तो निराधार नाही. पण नवे रुग्ण बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआपही सावरतात. म्हणजे दावा ताज्या रुग्णांपुरता मर्यादित केला की तुलनेच्या गटाची गरज वाढते. हॉफर नेमके उलट दिशेने गेले. १९६७ मध्ये त्यांनी विद्यापीठ आणि सरकारी पद दोन्ही सोडून खासगी व्यवसाय सुरू केला. त्यानंतर त्यांच्या लेखनात तुलनेचे गट विरळ होत गेले आणि रुग्णकथा वाढत गेल्या. नायॅसिनच्या जोडीला क जीवनसत्त्व आले, ब६ आले, जस्त आले, साखर वर्ज्य झाली. इतके बदल एकदम केल्यावर गुण कशाचा हे सांगता येत नाही. आणि कोणाच्या चाचणीत गुण आला नाही तर ‘तुम्ही पूर्ण उपचार दिलाच नाही’ असे म्हणण्याची सोय होते. दावा खोडता येऊ नये अशा रीतीने वाढत गेला, ही या कारकिर्दीवरची आमची मुख्य तक्रार आहे.

याच सुमारास त्यांना मोठा पाठीराखा मिळाला. रसायनशास्त्राचे नोबेल विजेते लायनस पॉलिंग यांना हॉफर-ऑस्मंड यांच्या लेखनाने भुरळ घातली. शरीरात मुळातच असणारे रेणू योग्य प्रमाणात पुरवून रोग हटवायचे, या कल्पनेला त्यांनी १९६८ मध्ये ‘ऑर्थोमॉलिक्युलर’ हे नाव दिले. ‘योग्य प्रमाण’ म्हणजे किती, हा प्रश्न मात्र राहिलाच. प्रौढ माणसाची नायॅसिनची रोजची गरज सुमारे १५ मिलिग्रॅम. तीन ग्रॅम म्हणजे तिच्या दोनशे पट. इथे अन्नाचा विषय संपतो आणि औषधाचा सुरू होतो. या मात्रेत यकृताला इजा होऊ शकते, रक्तातली साखर आणि युरिक आम्ल वाढू शकते. ‘जीवनसत्त्वच तर आहे’ हे वाक्य औषधाच्या दुकानात आपण सर्वांनी ऐकले आहे.

औषध म्हणून पाहिले की मात्र हॉफर यांच्या नावावर खरे श्रेय जमा होते. सॅस्काटूनचे शरीररचनाशास्त्रज्ञ रुडॉल्फ आल्टशूल आणि रोगनिदानतज्ज्ञ जे. डी. स्टीफन यांच्यासह त्यांनी १९५५ मध्ये दाखवले की निकोटिनिक आम्लाच्या मोठ्या मात्रेने रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते. पुढच्याच वर्षी मेयो क्लिनिकने त्याला दुजोरा दिला. दुसऱ्यांनी करून पाहिले आणि तेच आले! कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या अगदी पहिल्या औषधांत नायॅसिनची गणना होते.

त्याचीही मोठी परीक्षा झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आठ हजारांहून अधिक पुरुषांवर अमेरिकेत ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ राबवला गेला. १९७५ च्या अहवालात नायॅसिनने पुन्हा झटका येण्याचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटले, पण मृत्यू घटले नव्हते. १९८६ मध्ये, पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, मृत्यूही सुमारे ११ टक्क्यांनी कमी दिसले. मग स्टॅटिन औषधे आली. स्टॅटिन घेणाऱ्यांना वर नायॅसिन देऊन फायदा होतो का, हे पाहणारी एक चाचणी २०११ मध्ये फायदा दिसत नाही म्हणून थांबवली गेली. दुसरी, २५,६७३ रुग्णांची, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा नाही, उलट मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढलेले. रक्तातला आकडा सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे इतक्या महाग किमतीत शिकायला मिळाले.

याच कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमधून एक आडवाटेचा निष्कर्ष १९८० मध्ये निघाला, आणि तो हॉफर यांच्या उत्तरायुष्यातल्या कामावर थेट येऊन आदळतो. त्यात क्लोफायब्रेट नावाचे दुसरे औषधही तपासले होते. ते नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले आणि टाळाटाळ करणाऱ्यांपैकी सुमारे २५ टक्के. औषध गुणकारी म्हणायचे? मग नकली गोळीच्या गटाकडे पाहा. नकली गोळी नेमाने घेणारे सुमारे १५ टक्के दगावले आणि ती टाळणारे सुमारे २८ टक्के! गोळीत काहीच नव्हते. नेमाने गोळी घेऊ शकणारा माणूसच मुळात वेगळा असतो: कमी आजारी, अधिक काळजी घेणारा, घरच्यांचा आधार असलेला.

आता हॉफर यांचे १९९० चे काम पाहू. १९७६ मध्ये ते ब्रिटिश कोलंबियातील व्हिक्टोरिया येथे गेले. तिथे त्यांच्याकडे कर्करोगाचे रुग्ण येऊ लागले आणि ते त्यांना जीवनसत्त्वे देत. पॉलिंग यांच्यासह त्यांनी या रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात उपचार पाळणारे रुग्ण एकीकडे, आणि न पाळणारे किंवा फार थोडे दिवस पाळलेले रुग्ण तुलनेसाठी दुसरीकडे. पाळणारे कितीतरी अधिक जगले. पण ज्याचा रोग झपाट्याने वाढला, ज्याला गिळता येईना, जो महिनाभरात वारला, तो उपचार ‘पाळणार’ कसा? तो आपोआप दुसऱ्या गटात पडतो. वर्षभर नियमित शाळेत आलेली मुले आणि आजारपणाने मध्येच शाळा सुटलेली मुले यांची वजने ताडून ‘शाळेत आल्याने वजन वाढते’ म्हणण्यासारखे हे आहे. ज्या माणसाने १९५० च्या दशकात निकोटिनमाइडचा छुपा गट योजला, त्यानेच हा अभ्यास छापावा याचे आम्हाला वाईट वाटते. त्याला हे कळत नव्हते असे म्हणवत नाही.

या कथेचा एक धागा आपल्या दख्खनच्या पठारावरही येतो, आणि तुलनेसाठी तो मोलाचा आहे. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (१९६९ पासूनची राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांतल्या पेलाग्राविषयी लिहिले. पेलाग्रा हा मक्याचा रोग, तो ज्वारीत कसा? ज्वारी आणि मका या दोन्हींत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असते, त्याने नायॅसिनच्या चयापचयात अडथळा येत असावा, असे त्यांनी सुचवले. पुढे कुत्र्यांना जादा ल्युसिन देऊन काळी जीभ उद्भवते असेही या संस्थेने दाखवले. इतर प्रयोगशाळांत मात्र हे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत आणि तो वाद पुरता मिटला नाही. फरक इतकाच की हा वाद शोधपत्रिकांच्या पानांवर चालला, कमी ल्युसिनच्या ज्वारीचे वाण शोधण्याकडे वळला, आणि दरम्यान कोणालाही ल्युसिनविरोधी पंथ काढावासा वाटला नाही. (भाकरीबरोबर डाळ, दूध खाणाऱ्या वाचकांनी घाबरू नये, रुग्ण होते ते ज्यांच्या ताटात ज्वारीखेरीज जवळजवळ काही नव्हते असे.)

हॉफर यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की जीवनसत्त्वावर पेटंट नसते, म्हणून कंपन्या त्यावर चाचण्या करत नाहीत. हे सर्वसाधारणपणे खरे आहे. पण नायॅसिनच्या छिन्नमनस्कतेवरच्या चाचण्या झाल्या, त्याही एका सार्वजनिक संस्थेच्या वतीने. या प्रकरणात ती सबब लागू पडत नाही. शिक्षकांकडे पालक सल्ला मागायला येतात म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. हॉफर स्वतः मनोविकाराची औषधे एकदम तोडा असे सांगत नसत. ते दोन्ही देत आणि औषधाची मात्रा हळूहळू कमी करत. त्यांचे नाव घेऊन दहावी-बारावीतल्या आजारी मुलाची औषधे परस्पर बंद करणारे त्यांच्याही वाटेने जात नाहीत.

रुग्ण बरा झाला हे कशावरून ठरवायचे, याचे हॉफर यांचे निकष प्रसिद्ध आहेत. लक्षणे नाहीत, घरच्यांशी पटते, समाजात वावरता येते आणि तो प्राप्तिकर भरतो! चौथा निकष आम्हाला विशेष आवडतो. गोळीने भ्रम कमी झाला पण माणूस दिवसभर कोपऱ्यात बसून आहे, याला ते बरे होणे मानत नसत. आजचे मानसोपचारतज्ज्ञही पुनर्वसनावर भर देतात तेव्हा हेच मागत असतात.

हॉफर २००९ मध्ये, ९१ व्या वर्षी वारले. शेवटच्या काही वर्षांपर्यंत ते रुग्ण तपासत होते. त्यांचे एक निरीक्षण मात्र अजून प्रयोगशाळांत जिवंत आहे. छिन्नमनस्कतेच्या काही रुग्णांना नायॅसिन देऊनही अंग लाल होत नाही, असे त्यांनी नोंदवले होते. पुढे इतरांनी ते तपासले. मिथिल निकोटिनेटमध्ये भिजवलेला कागदाचा तुकडा हातावर लावून काही मिनिटांनी लाली मोजायची, अशी सोपी पद्धत निघाली, आणि रुग्णांच्या एका गटात ही लाली खरोखरच मंद असते असे अनेक अभ्यासांत दिसले. पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांशी त्याचा संबंध असावा असे मानले जाते. ज्या लालीने त्यांच्या चाचणीचा ‘अंधपणा’ धोक्यात आला होता, तीच आता मोजपट्टी लावून मोजली जात आहे.